मदत हवी आहे: सातवीच्या मुलांना 'सांख्यिकीय प्रश्न' म्हणजे काय, हे कसं शिकवावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता सातवी, पट ३८. सांख्यिकीसाठी ३५ मिनिटांच्या सहा तासिका हाताशी आहेत. संगणक नाही. फळा, पट्ट्या, दोरा आणि पाठकोरे चार्टपेपर भरपूर.

प्राप्तांकांची (गोळा केलेल्या आकड्यांची) बेरीज करून भागाकार करायला मुलांना येतं. ताळ्याच्या खुणा करून वारंवारता सारणीही (कोणता आकडा किती वेळा आला त्याचा तक्ता) भरतात. पण "माहिती गोळा करावी लागेल असा एक प्रश्न तुम्हीच तयार करा" म्हटलं की "महाराष्ट्रात जिल्हे किती?", "मुख्याध्यापकांचं नाव काय?", "आपल्या शाळेत खोल्या किती?" असलेच प्रश्न येतात. हे सांख्यिकीचे प्रश्न नाहीत हे सांगता येतं, पण का नाहीत ते मुलांच्या भाषेत सांगता येत नाही.

तर (१) ओळखायची सोपी कसोटी कोणती, (२) वर्गातच गोळा होईल अशी सामग्री कोणती, (३) पुस्तकात या इयत्तेला सरासरी आहे, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) नाही; तरी आत्ताच सांगावा का?

मोजमाप

कसोटी एका वाक्याची आहे: उत्तरं गोळा करायच्या आधीच ती एकमेकांपेक्षा वेगळी येणार असं वाटतं का? वाटत असेल तर प्रश्न सांख्यिकीय. "शाळेत खोल्या किती?" हे कोणीही मोजलं तरी एकच उत्तर. "आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरांना खिडक्या किती?" याला ३८ उत्तरं, आणि ती सारखी नसणार. त्या वेगळेपणाचं काय करायचं, एवढ्यासाठीच सरासरी, आलेख वगैरे पुढची खटपट आहे.

मुलं इथे दोन ठिकाणी हमखास घसरतात. एक, उत्तरात आकडा असला की प्रश्न सांख्यिकीय असं धरतात. दोन, मोजायला कष्ट पडले की सांख्यिकीय असं धरतात. "शाळेच्या आवारात झाडं किती?" याला तासभर मोजावं लागेल, तरी उत्तर एकच. "आवारातल्या झाडांच्या बुंध्यांचा घेर किती?" हा मात्र सांख्यिकीय. उलट बाजूला "वर्गात कोणता खेळ जास्त आवडतो?" याच्या उत्तरात आकडा नाही, तरी तो सांख्यिकीय आहे.

मुलांनी आणलेले चुकीचे प्रश्न टाकून देऊ नका. तेच दुरुस्त करायला द्या. "मुख्याध्यापकांचं नाव काय?" याचा "आपल्या वर्गातल्या नावांत अक्षरं किती असतात?" असा प्रश्न होतो. पहिली तासिका एवढ्यावरच घालवा. १२ चिठ्ठ्या, सहा सांख्यिकीय आणि सहा नसलेल्या. गटाने वेगळ्या करायच्या आणि नसलेल्यांपैकी तीन दुरुस्त करायच्या. आकडेमोड त्या दिवशी अजिबात नको.

रेघोट्या

नावातली अक्षरं ही फार उत्तम सामग्री आहे, कारण ती मराठीत मोजायला घेतली की लगेच भांडण होतं. 'प्रज्ञा' दोन अक्षरी की चार? जोडाक्षर एक धरायचं की दोन? अनुस्वार वेगळा मोजायचा का? ही भांडणं होऊ द्या. मग फळ्यावर नियम लिहा: जोडाक्षर एक, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे नाहीत. म्हणजे 'ज्ञानेश्वर' चार. मोजायला सुरुवात करण्याआधी व्याख्या ठरवावी लागते हे मुलांना याहून स्वस्तात कळणार नाही. नियम न ठरवता ३८ आकडे गोळा केलेत तर त्यातला फरक नावांचा की मोजणाऱ्यांचा, हे नंतर सांगता येत नाही.

नुसतं पहिलं नाव घेऊ नका. बहुतेक सगळी दोन, तीन, चारात अडकतात आणि आलेख अरुंद येतो. नाव आणि आडनाव मिळून मोजा. 'मीना काळे' ४, 'ज्ञानेश्वर देशपांडे' ८. पसारा पुरेसा मिळतो.

काय विचारू नये तेही सांगतो: वजन, गुण, घरचं उत्पन्न, जात, घरात शौचालय आहे का. फळ्यावर मांडल्यावर एखादं मूल मान खाली घालेल असा कुठलाही प्रश्न नको.

दोरा_पट्टी

"घरून शाळेत यायला किती वेळ लागतो?" हाही घ्या, पण एका सापळ्यासाठी. मुलं ५, १०, १५, ३० अशीच उत्तरं देतात. ७ किंवा १३ कोणी म्हणत नाही. आलेखात पाचाच्या पटींवर ढीग आणि मध्ये मोकळं रान दिसतं. ही मुलांची चूक नव्हे, आठवणीतून सांगितलेल्या आकड्यांचा हा स्वभावच आहे. आपल्या जनगणनेतही ० आणि ५ वर संपणारी वयं अशीच प्रमाणाबाहेर नोंदली जातात. तो फुगवटा मोजायला 'व्हिपल निर्देशांक' नावाचं माप आहे. दुसऱ्या दिवशी निघाल्याची आणि पोचल्याची वेळ घड्याळात बघून लिहून आणायला सांगा. दोन्ही आलेख शेजारी लावले की मुलं आपण होऊन बोलतात.

@मोजमाप, तुमच्या कसोटीला एक कोपरा आहे. "या बाकाची लांबी किती?" याला उत्तर एकच. पण ३८ मुलांनी वितीने मोजून सेंटिमीटरमध्ये सांगितलं तर ३८ उत्तरं येतील. मग हा प्रश्न सांख्यिकीय की नाही?

मोजमाप

बाकाची लांबी हा नाही. "आपण वितीने मोजतो तेव्हा उत्तरं एकमेकांपासून किती लांब पडतात?" हा आहे. पहिला बाकाबद्दल आहे, दुसरा आपल्याबद्दल. सातवीच्या हुशार मुलांना हा फरक आवडतो, पण पहिल्या दोन तासिकांत आणू नका, गोंधळ होईल. पाचव्या तासिकेला आणा.

दूरदेशी

अमेरिकेत २०१० साली आलेल्या 'कॉमन कोअर' या शालेय अभ्यासाच्या निकषांमध्ये हा विषय सहावीतच आहे, आणि तिथेही सुरुवात सांख्यिकीय प्रश्न ओळखण्यापासूनच होते. त्यातली उचलण्यासारखी गोष्ट अशी की कुठलाही एक आकडा काढण्याआधी सामग्रीचा आकार शब्दांत सांगायला लावतात. ढीग कुठे आहे, खिंडार कुठे आहे, एकटा कोण पडलाय.

त्यासाठी ठिपक्यांचा आलेख पुरतो. चार्टपेपरवर आडवी संख्यारेषा काढा आणि प्रत्येक मुलाला आपल्या आकड्यावर एक टिकली चिकटवू द्या. एकाच मापाच्या टिकल्यांची दोन-तीन पाकिटं घ्या. आधी पेन्सिलीने १ सेमीच्या चौकटी आखून ठेवा, नाहीतर कोणी दाटीने लावतं, कोणी सैल, आणि पाच टिकल्यांचा मनोरा सात टिकल्यांच्या मनोऱ्यापेक्षा उंच दिसतो. आणखी एक: कोणाच्याच नावात ९ अक्षरं नसतील तर मुलं संख्यारेषेवरचा ९ गाळून ८ नंतर थेट १० लिहितात. ९ ची रिकामी जागा राहायलाच हवी. ती रिकामी आहे, हीसुद्धा माहितीच आहे.

खडूफळा

धन्यवाद मंडळी, चिठ्ठ्यांचा खेळ आणि टिकल्या दोन्ही घेतले. आता सरासरीवर अडलंय. "सरासरी म्हणजे तोल" हे दाखवायला ३० सेमीची प्लॅस्टिकची पट्टी आडव्या पेन्सिलीवर ठेवून ३, ५, ८, ११, १८ या खुणांवर एकेक रुपयाचं नाणं ठेवलं. आकडेमोडीने सरासरी ९ येते. पट्टी मात्र १२ च्या आसपास तोलते. मुलांसमोर करण्याआधी विचारतोय, कुठे चुकतंय?

दोरा_पट्टी

पट्टीचं स्वतःचं वजन मोजायचं राहिलं. तिचं वजन मधोमध, म्हणजे १५ वर, एकवटल्यासारखं वागतं. ते साधारण पाच नाण्यांएवढं असेल तर तोलाचा बिंदू ९ आणि १५ यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे १२ वरच येणार. तुमचा प्रयोग चोख झालाय, फक्त सहावा 'प्राप्तांक' लपून बसला होता.

उपाय सोपा आहे. सामग्रीच अशी निवडा की सरासरी पट्टीच्या मध्यावर पडेल. ६, ११, १४, १८, २६ घ्या. बेरीज ७५, सरासरी १५. डावीकडची अंतरं ९, ४, १ मिळून १४. उजवीकडची ३ आणि ११ मिळून १४. मुलांना ही बेरीज करायला लावा, सरासरीचा सगळा अर्थ तिच्यात आहे. आधी रिकामी पट्टी तोलून बघा. काही पट्ट्यांना एका टोकाला जास्त कोरी जागा असते, मग मध्य १५ वर येत नाही. षटकोनी पेन्सिल शाडूच्या गोळ्यात बसवा, म्हणजे घरंगळणार नाही. सगळी नाणी एकाच प्रकारची हवीत, कारण रुपयाच्या जुन्या आणि नव्या नाण्यांच्या वजनात फरक असतो.

चिंचोके

तोलाआधी 'समान वाटप' घ्या. पाच मुलं पुढे बोलवा, त्यांच्या हातात २, ३, ३, ५, १२ चिंचोके द्या. सगळे एकत्र करून सारखे वाटले की प्रत्येकी ५. आता १२ ऐवजी २२ द्या. सरासरी ७ होते, आणि पाचांपैकी चौघांकडे सातापेक्षा कमी चिंचोके आहेत. इथे कोणीतरी म्हणतंच, "सर, मग सात कोणाचे?" मध्यक आणायची वेळ हीच. मुलांना चढत्या क्रमाने रांगेत उभं करा, दोन्ही टोकांकडून एकेक जण बसवत या. उभा राहिला तो मध्यक: दोन्ही वेळा ३. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर हो. सूत्र नको, नुसती रांग.

रांगेत होणाऱ्या चुका: क्रम न लावताच मधला धरणे, सारखे आकडे एकदाच मोजणे (२, ३, ३, ५, १२ चं २, ३, ५, १२ करून टाकतात), आणि सम संख्येला अडकणे. तुमचा पट ३८, म्हणजे १९वा आणि २०वा यांची सरासरी.

शब्दांचाही घोळ आहे. बोलताना आपण "सरासरी दहा-बारा जण असतील" म्हणतो तेव्हा 'अंदाजे' असं म्हणायचं असतं. गणितातली सरासरी अंदाज नाही, हे एकदा स्पष्ट सांगा. शिवाय पुढे 'मध्य' (म्हणजे सरासरीच) आणि 'मध्यक' हे शब्द येतील तेव्हा मुलं एकाच्या जागी दुसरा वापरतील. आत्ता 'सरासरी' आणि 'मध्यक' एवढेच वापरा.

मोजमाप

शून्य विसरू नका. "भावंडं किती?" याला दहा मुलांची उत्तरं ०, ०, १, १, १, १, २, २, ३, ४ अशी आली तर बेरीज १५, सरासरी १.५. मुलं शून्यवाल्यांना "त्यांना नाहीतच" म्हणून वगळतात आणि १५ ला ८ ने भागून १.८७५ काढतात. बेरीज बदलत नाही म्हणून चूक दिसतही नाही. त्यातून, ही सरासरी गावातल्या घरांची नव्हे. ज्या घरात मूलच नाही ते घर या सामग्रीत येऊच शकत नाही, आणि दोन भावंडं एकाच वर्गात असतील तर ते घर दोनदा मोजलं जातं. "गावातल्या घरांत मुलं किती?" हा प्रश्न वर्गात विचारून सुटत नाही.

रेघोट्या

क्रिकेटबद्दल एक इशारा. मुलं फलंदाजीची सरासरी उदाहरण म्हणून आणतीलच. ती दर डावामागची सरासरी नसते. धावांना डावांनी नव्हे, तर बाद झालेल्या वेळांनी भागतात. ब्रॅडमनच्या कसोटीतल्या ६९९६ धावा, ८० डाव, त्यातले १० नाबाद. ६९९६ भागिले ७० म्हणून ९९.९४. ८० ने भागलं तर ८७.४५. दोन्ही आकडे मुलांनाच काढू द्या आणि नाबाद डाव छेदात का धरत नाहीत यावर वाद घालू द्या. तासिका कमी पडेल.

आवडत्या खेळांना १, २, ३ असे क्रमांक देऊन त्यांची सरासरी काढणारं एक तरी मूल वर्गात असतंच. कबड्डी १ आणि क्रिकेट ३ असेल तर सरासरी २ म्हणजे खो-खो का, असं विचारा. तिथे फक्त बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर, चालतो.

खडूफळा

पट्टीचा उलगडा झाला, आभार. आता शेवटचं. जुलैत उपस्थिती ३० ते ३५ असते. गैरहजर मुलांचं काय करायचं?

चिंचोके

त्यांच्या नावासमोर शून्य लिहू नका, आडवी रेघ मारा. भागाकार हजर संख्येने करा, आणि सारणीखाली "३८ पैकी ३३ जणांची माहिती" असं लिहा. वारंवारतांची बेरीज ३३ येते का ते ताडून बघा. ३२ आली तर बहुधा एखाद्याने सामग्री ओळीने न वाचता "आधी सगळे ४ शोधू, मग सगळे ५" असं केलंय. एकेक आकडा खोडत, क्रमाने खूण करायची.

नावातल्या अक्षरांना गैरहजेरीने फारसा फरक पडत नाही. शाळेत यायच्या वेळेला मात्र पडतो. जोराच्या पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीवरची मुलं येत नाहीत, म्हणजे नेमकी सगळ्यात जास्त मिनिटं लागणारीच गळतात आणि सरासरी खाली येते. ती तासिका उघडीप असेल त्या दिवशी घ्या.