गडगा हातभर सरकला म्हणून लगेच मोजणी?

कोरडा गडगा
‘शेजाऱ्याशी एक शब्द बोलू नका. सरकारी मोजणी टाका, खुणा पडल्या की भिंत घालून मोकळे व्हा, आणि आत आलेली फांदी दिसेल तिथून छाटा.’ हा सल्ला परवा इथल्या चर्चेत साखळी-आणा या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी दिला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कोकणातलं परडं, म्हणजे घरामागची वाडी, आणि तिच्या हद्दीवरचा नुसत्या दगडांवर दगड रचलेला गडगा ज्याने पाहिलाय त्याने तरी असं लिहू नये.

वाद असतो किती जागेचा? वीतभर, फार तर हातभर. जुन्या टिपणातली, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या कच्च्या नकाशातली, मापं साखळी-आण्यांत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. नकाशा 1:1000 चा धरला तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर जाड होते. ज्या कागदाला हातभर जागा दिसत नाही त्याला वितीचा न्याय मागायचा?

त्यापेक्षा दोघांनी दोरी धरा. जोत्याचे कोपरे, विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावन अशा न हलणाऱ्या निदान तीन ठिकाणांपासून गडग्याच्या दोन्ही टोकांची अंतरं टेपने घ्या. झाडापासून घेऊ नका, बुंधा जाड होत जातो. कच्चा नकाशा काढा, अंतरं आकड्यांत आणि अक्षरांत लिहा, गडगा सामाईक की एकट्याचा आणि डागडुजी कोणी करायची तेही लिहा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. एक दुपार पुरते.

साखळी-आणा
वा! आज काका सही करणार आणि गणपतीला पुतण्या येऊन विचारणार, ‘काकांना अधिकार कोणी दिला?’ सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली अकरा मुंबईत. तुमच्या दोरीला कोण विचारतो? शिवाय त्या कागदाने जागा इकडची तिकडे होत असेल तर तो नोंदणीशिवाय चालणार नाही, हे सोयीस्कर गाळलंत.

आणि मोजणी म्हणजे शेजाऱ्यावर चाल करून जाणं नव्हे. उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे ‘हद्द कायम’ असा स्पष्ट उल्लेख करून अर्ज द्यायचा. लगतधारकांची, म्हणजे लागून असलेल्या जमिनींच्या मालकांची, नावं आणि पत्ते पूर्ण भरायचे, कारण नोटीस न मिळालेला शेजारी पुढे हीच पळवाट धरतो. मोजणीच्या दिवशी हजर राहायचं, आपली वहिवाट दाखवायची, हरकत असेल तर जबाबात लिहायला लावायची. तोंडी हरकत वाऱ्यावर जाते. नंतर क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्यायची. पटलं नाही तर निमताणा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, आहेच. उपग्रहावरून जागा मोजणारं रोव्हर यंत्र आता सेंटिमीटरात सांगतं.

कोरडा गडगा
रोव्हर सेंटिमीटरात सांगतो ते तुम्ही कुठे उभे आहात ते! हद्द कुठे आहे ते जुनं टिपणच सांगणार. काटा सोनाराचा आणि मापं चुलीवरच्या ओगराळ्याची. सहहिस्सेदारांचा मुद्दा मात्र मान्य. मुंबईकरांच्याही सह्या घ्या.

पागोळी
तुम्ही दोघं रेघ मोजत बसा. मे महिन्यात भांडण रेघेचं असतं, जुलैत ते पाण्याचं होतं. गडग्याच्या जागी सिमेंटमध्ये चिऱ्याची भिंत घातली की वरच्या परड्यातलं पाणी अडतं. कोरड्या गडग्याच्या फटींतून ते आपसूक पाझरत होतं. आता भिंतीमागे माती भिजून फुगते, आणि पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. मग चार फुटांची भिंत एका रात्रीत शेजाऱ्याच्या अळवात आडवी. त्यावर ‘तुम्हीच पाडलीत’ हे सुरू.

साखळी-आणा
वरच्याचं पाणी खालच्याने का झेलायचं? ज्याचं पाणी त्याने सांभाळावं.

पागोळी
कारण उतार देवाने दिलाय, साहेब. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 7 मध्ये हेच उदाहरण आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहतं, ते खालच्याने वाहू द्यायचं. पण ‘नैसर्गिकपणे’ या शब्दावर बोट ठेवा. छपराचं पाणी पन्हळीत गोळा करून एकाच पाइपाने शेजाऱ्याच्या केळीत सोडणं यात बसत नाही. हिशेब करा. 1000 चौरस फुटांचं छप्पर म्हणजे 93 चौरस मीटर. दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे जुलैत नवलाचा नाही, तर 9,300 लिटर पाणी. म्हणजे जवळजवळ टँकरभर, एकाच जागी.

ओळंबा
भिंत बांधायचीच असेल तर नीट बांधा. जमिनीलगत दर पाच फुटांवर तीन इंची पाइपाचा तुकडा आरपार टाका, बाहेरच्या तोंडाकडे किंचित उतार. आतल्या तोंडामागे फूटभर खडी भरा, नाहीतर पहिल्याच पावसात मातीने बुजतं. मजूर पाइपाऐवजी विटेचा तुकडा सोडून ‘भोक ठेवलंय’ म्हणतात, त्यावर लक्ष ठेवा.

मोजणीवाल्यांसाठी आणखी एक. भिंत नऊ इंचांची असली तरी पाया दोन फुटांचा असतो, दोन्ही अंगांना साडेसात इंच बाहेर. भिंत रेघेला टेकवून बांधली की पाया शेजाऱ्याच्या जमिनीत गेला. तो माड लावायला खड्डा खणतो, पहारेला तुमचं काँक्रीट लागतं, आणि ‘हद्द कायम’ करणाऱ्याचंच अतिक्रमण निघतं.

साखळी-आणा
भोकं शेजाऱ्याच्या बाजूला उघडणार आणि तो रातोरात सिमेंटने बुजवणार. मग?

पागोळी
बुजवणारच! त्याच्या दारात तुमचं मोरीचं पाणीही त्याच भोकातून जातं म्हणून. सांडपाणी वेगळं काढा. आणि भिंतीच्या आतून आपल्याच हद्दीत चर काढा: फूटभर रुंद, दीड फूट खोल, शंभर फुटांना एक फूट उतार, शेवट पाणंदीच्या गटारात. शेजाऱ्याकडे मग जेमतेम पाझर जातो. चर मृगाआधी एकदा आणि श्रावणात एकदा उपसायचा. पाचोळ्याने तुंबलेला चर म्हणजे धरणच.

साखळी-आणा
म्हणजे खर्च आमचा, जागा आमची, आणि शेजारी महाराज कोरडे?

पागोळी
तुमचं छप्पर, तुमचं पाणी. ‘ज्याचं पाणी त्याने सांभाळावं’ हे वर कोणी लिहिलं होतं बरं?

बारा वर्षं
कशाला एवढं? गडगा आत सरकवून बारा वर्षं गप्प बसा, जागा आपली.

कोरडा गडगा
असे सल्लागार असले की वकिलांच्या घरी दिवाळी. बारा वर्षं नुसती मोजून भागत नाही. ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध असावा लागतो. ‘असू दे हो, वापरा’ असं मालकाने म्हटलेलं असेल, तर तो परवानगीचा वापर. आणि हद्दीची खूण उपटणं महसूल संहितेत दंडाला पात्र आहे.

मोहोर
फांद्यांचं कोणी बोलतच नाही! आंब्याची फांदी आपल्याकडे आली तर ‘दिसेल तिथून’ नाही, हद्दीपर्यंतच, आणि आपल्याच बाजूला उभं राहून. आधी सांगून. शहरी भागात 1975 च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. अख्खं झाड पाडायचा विचार असेल तर आंबा आणि फणस दोन्ही 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत आहेत. फांदी छाटता येते म्हणून तिच्यावरचे आंबे तुमचे होत नाहीत, हेही ऐका.

ऑक्टोबरात छाटू नका. पक्व झालेल्या काडीवर मोहोर येतो, तीच तोडलीत तर शेजाऱ्याचा हंगाम गेला आणि बोलणंही संपलं. फळं उतरल्यावर लगेच छाटा. जाड फांदीला आधी खालून तिसरा हिस्सा काप, मग चार बोटं पुढे सरकून वरून, नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलवटते. कापावर बोर्डो पेस्ट: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादलीत नको.

साखळी-आणा
पेस्ट शेजाऱ्याच्या झाडाला, खर्च पुन्हा आमचा. पुढे त्याच्या गुरांना पेंडही घालू का? ‘दिसेल तिथून’ हे शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही. चार शेजाऱ्यांपैकी एक तरी टेप धरायलाच येत नाही, त्याचं काय ते सांगा.

कोरडा गडगा
त्याच्यासाठी मोजणी. मी नको कुठे म्हटलं? लगेच नको म्हटलं.

साखळी-आणा
आभारी आहे. एवढ्यासाठी अख्खा पावसाळा सांडलात.

ओळंबा
क प्रत हातात येईपर्यंत पाया खणू नका, कोणीही जिंकलं तरी. आणि पाया साडेसात इंच आत घ्या.

पागोळी
चरासाठी आणखी फूटभर.