उत्तर: 'एव्हरीथिंग' इतकं झटपट कसं शोधतं?

'एव्हरीथिंग' हे विंडोजवर फायली नावाने शोधणारं ॲप इतकं झटपट कसं चालतं, असं विचारलंय म्हणून सांगतो. ते फायली उघडून बघतच नाही. एनटीएफएस (विंडोजची फायली साठवायची पद्धत) असलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारं मास्टर फाइल टेबल आधीच तयार असतं. 'एव्हरीथिंग' तेच वाचतं आणि पुढचे बदल यूएसएन जर्नलमधून, म्हणजे डिस्कवरच्या बदलांच्या नोंदवहीतून, टिपतं. त्यामुळे टाइप करता करता नावं समोर हजर!

फाइलच्या आतला मजकूर शोधायचा तर विंडोजचं इंडेक्सिंगच (मजकुराची आधीच सूची बनवून ठेवणं) बरं. पण त्याला मोजके फोल्डर द्या, अख्खी डिस्क नको.

लाँचर, म्हणजे नाव टाइप करून ॲप आणि फायली उघडायचं साधन, हवा असेल तर फ्लो लाँचर बघा, तो शोधासाठी 'एव्हरीथिंग'लाच कामाला लावू शकतो. मायक्रोसॉफ्टचा तसाच लाँचर पॉवरटॉइज रन आधीपासून असेल तर एकाचा शॉर्टकट बदला. दोघंही उघडण्यासाठी ऑल्ट-स्पेस या कळांवरच हक्क सांगतात.