शब्दचर्चा: वाइन ‘मुरते’ का? आणि ‘ट्रॉकेन’ने केलेला घोळ

राइनकाठची
मंडळी, चूक माझीच, हे आधी कबूल करते. सासऱ्यांना साखरेचा त्रास. रविवारी जेवताना अर्धा पेला वाइन घेतात, पण गोड नको ही सासूबाईंची अट. यंदा जर्मनीतल्या माइंझहून पुण्याला येताना एक छोटी बाटली आणली, ३७५ मिलिलिटरची. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताना दिली होती. बाटलीच्या लेबलवर हातभर लांब शब्द: ट्रॉकेनबेरेनआउसलेझ. ‘ट्रॉकेन’ म्हणजे कोरडं, आणि वाइनवर ‘ट्रॉकेन’ लिहिलं असेल तर ती गोड नसते, एवढं नऊ वर्षांत शिकले होते. पुढचा शब्द वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

पेल्यात ओतली तर रंग जुन्या मधासारखा. पेला तिरका केला तर काचेवरचा ओघळ खाली यायलाच तयार नाही. सासऱ्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “अगं, ही काकवी आहे!” सासूबाईंनी बूच लावलं, बाटली उचलली, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवली आणि निकाल दिला: “मुरू दे तिथेच.”

तर दोन प्रश्न. ‘ट्रॉकेन’ असून ती इतकी गोड कशी? आणि वाइनला ‘मुरणे’ चालेल का? इथले लोक अशा बाटल्या वीस-तीस वर्षं तळघरात ठेवतात. त्या क्रियेला आपल्याकडे शब्द कोणता?

तळघरवाला
वहिनी, पहिलं काम: पुण्याला फोन करून ती बाटली फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. उघडलेली बाटली मुरत नाही, बिघडते. गोड असल्यामुळे दोनेक आठवडे तग धरेल.

आता ‘ट्रॉकेन’. तो शब्द वाइनचा नाही, द्राक्षांचा आहे. ट्रॉकेन म्हणजे सुकलेले, बेरेन म्हणजे द्राक्षाचे दाणे, आउसलेझ म्हणजे वेचणी. वेलीवरच सुकलेले दाणे एकेक करून टिपायचे आणि त्यांची वाइन करायची. दाण्यातलं पाणी उडालेलं, साखर मागे राहिलेली. एक माणूस दिवसभर टिपत बसला तर बाटलीभर रस निघेल न निघेल. म्हणजे एकच ‘ट्रॉकेन’ एका बाटलीवर ‘साखर जवळजवळ नाही’ असं सांगतो आणि दुसरीवर ‘साखरच साखर’. नुसतं ‘ट्रॉकेन’ लिहायचं तर जर्मनीत लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते. तुमच्या त्या काकवीत दोनशेच्या वर असणार. फसलेल्या तुम्ही पहिल्या नाही.

मी व्हिएन्नात राहतो, पस्तीसेक बाटल्या सांभाळतो. बायको त्याला ‘वेड’ म्हणते, त्यामुळे शब्दाचा प्रश्न आमच्या घरात सुटलेला आहे.

बागाईतदार
दिंडोरीकडचा द्राक्षवाला. वाइनमधलं फार कळत नाही, पण द्राक्षाच्या ‘दाण्या’ला आमच्याकडे कुणी दाणा म्हणत नाही. मणी म्हणतात. घड आणि मणी. मणी फुगला, मणी तडकला, मणीगळ झाली. तेव्हा ‘बेरेनआउसलेझ’ म्हणजे सरळ मणीवेचणी. आणि तुमचा तो लांबलचक शब्द म्हणजे बेदाणावेचणी, फक्त बेदाणा शेडमध्ये न करता वेलीवरच झालेला.

साखर किती म्हणालात? आम्ही खायची द्राक्षं १८ ब्रिक्सच्या (म्हणजे रसात शेकडा १८ साखरेच्या) आसपास काढतो.

तळघरवाला
बेदाणावेचणी! हा शब्द मी आजपासून घेतला.

जर्मनीत ब्रिक्सऐवजी ‘उक्सले’ अंश मोजतात. फॉर्झहाइमच्या फर्डिनांड उक्सले याच्या नावावरून. हिशेब सोपा आहे: लिटरभर रसाचं वजन हजार ग्रॅमच्या वर जितकं भरेल तितके अंश. बेदाणावेचणीला किमान १५० लागतात, म्हणजे लिटरभर रस १ किलो १५० ग्रॅम. तुमच्या भाषेत ३५ ब्रिक्सच्या जवळ. ऑस्ट्रियाची मोजपट्टी निराळी, क्लोस्टरनॉयबुर्ग या गावाच्या नावाची.

अर्धविराम
मला ‘लेझ’वर थांबायचं आहे. जर्मन ‘लेझेन’चे दोन अर्थ: वेचणे आणि वाचणे. लॅटिन ‘लेगेरे’चेही हेच दोन. अक्षरं टिपत जाणं म्हणजे वाचणं. आता आपल्या शाळेतल्या पुस्तकांवरचा शब्द आठवा: वेचे. निवडक उतारे. आपण वेचतो ती फुलं, तांदळातले खडे, आणि वाचायचे उतारेसुद्धा. ‘वाचणे’ आणि ‘वेचणे’ या सख्ख्या बहिणी नाहीत, नुसता आवाज जुळतो, पण ‘वेचे’ या शब्दात आपण त्याच वळणावर जाऊन पोचलो आहोत. तेव्हा ‘आउसलेझ’ला ‘निवड’ नको, ‘वेचणी’च हवं. निवड बसल्या जागी होते. वेचायला वाकावं लागतं.

‘श्पेटलेझ’ मग उशिराची वेचणी. नाशिककडच्या बाटल्यांवर जे ‘लेट हार्वेस्ट’ दिसतं ते.

राइनकाठची
श्पेटलेझची गोष्ट आमच्या बाजूची आहे, म्हणून सांगते. योहानिसबेर्गच्या वाड्यात घोडेस्वाराचा पुतळा आहे. तिथले मळे फुल्डाच्या मठाधिपतीचे, त्याची परवानगी आल्याशिवाय तोडणी नाही. १७७५ साली परवानगीचं पत्र घेऊन येणारा स्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षं वेलीवर सडायला लागली होती. नाइलाजाने त्यांचीच वाइन केली आणि ती अफाट निघाली, असं सांगतात. कामात दिरंगाई करणाऱ्याचा पुतळा उभारलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

बागाईतदार
सडलेल्या द्राक्षांची? आमच्याकडे अवकाळी पाऊस झाला आणि घडकूज लागली की माणूस कपाळाला हात लावतो.

तळघरवाला
बुरशी एकच, बोट्रायटिस. संततधार ओल असेल तर ती माल घालवते. पण सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं चक्र मिळालं तर ती मण्याची साल जाळीदार करते, पाणी उडतं, आत साखर आणि आंबटपणा घट्ट होतो. ऑस्ट्रियात, हंगेरीच्या सीमेवर नॉयझीडल नावाचं उथळ तळं आहे, दोन मीटरही खोल नाही. धुकं तिथे फुकट मिळतं. इल्मित्स गावच्या क्राखर घराण्याने याच धुक्यावर नाव कमावलं. जर्मन या कुजीला ‘एडेलफॉयल’ म्हणतात, एडेल म्हणजे खानदानी.

बागाईतदार
खानदानी कूज. असू दे. आम्हाला फवारणी सुटत नाही.

अर्धविराम
त्याच तळ्याकाठच्या रुस्ट गावातल्या गोड वाइनचं नाव ‘आउसब्रुख’, हा शब्द बघा. कोशात बघाल तर उद्रेक, किंवा तुरुंग फोडून पळणं! वाइनच्या संदर्भात मात्र सुकलेले मणी घडातून मोडून काढणं. आपलं ‘खुडणे’. १६८१ मध्ये या गावाने सम्राटाकडून मुक्त शहराचा दर्जा विकत घेतला तो ६०,००० गुल्डन आणि ५०० पिंपं वाइन देऊन. कोशातला पहिला अर्थ उचलून कुणी ‘रुस्टचा उद्रेक’ असं भाषांतर केलं तर मी जबाबदार नाही.

जुनी बरणी
तुमचं सगळं वाचलं. पण सूनबाईंचा मूळ प्रश्न कुणी घेतलाच नाही. मुरणे.

मी रत्नागिरीची, पन्नास वर्षं लोणची घालते. मुरणे म्हणजे एक वस्तू दुसरीत शिरणे. पाणी जमिनीत मुरतं, पाक आवळ्यात मुरतो, मीठ फोडीत मुरतं. वाइनच्या बंद बाटलीत काय कशात शिरतं? बाहेरून काही येत नाही. म्हणून मला ‘मुरणे’ पटत नाही. तांदूळ जुना होतो, तूप जुनं होतं, गूळ जुना होतो. जुनी वाइन म्हणा की. जुन्या तांदळाला आपण मान देतोच.

अर्धविराम
बरणीताई, ‘मुरलेला राजकारणी’मध्ये तरी काय कशात शिरलंय? मुरणे आता शिरण्यापुरतं उरलेलं नाही. वेळ गेल्यामुळे धार बोथट न होता गोलाई येणं, असा अर्थ त्याला चढला आहे. ‘जुनी’ नुसतं वय सांगतं. जुनी वाइन वाईटही असू शकते. मुरलेली वाईट नसते.

तळघरवाला
माझं मत बरणीताईंच्या विरोधात, पण त्यांच्याच कारणासाठी. बाटलीत बाहेरून काही येत नाही हे खरं (बुचातून हवेचा अंश जातो तेवढा सोडा). पण आत आंबटपणा आणि साखर सुरुवातीला दोन वेगळ्या चवी म्हणून जिभेवर येतात. मोझेल नदीकाठची कोवळी आउसलेझ प्या: आधी साखर, मग लिंबू चावल्यासारखा झटका. तीच वीस वर्षांनी उघडा. साखर मोजली तर तेवढीच, पण गोड लागत नाही. आंबट गोडात शिरलेलं असतं. तुमच्या व्याख्येनेच ती मुरली.

आंबटपणा नसेल तर नुसत्या साखरेवर वाइन टिकत नाही. राखून ठेवायची तर रीसलिंग या जातीच्या द्राक्षांची वाइन का घेतात ते यासाठी. झारकाठी एगोन म्युलरच्या शार्त्सहोफबेर्ग मळ्याची २००३ ची बेदाणावेचणी २०१५ साली ट्रीअरच्या लिलावात १२,००० युरोला एक बाटली या भावाने गेली, कर वेगळा. माझ्या पस्तिसांत ती नाही.

आणि गोडच टिकते असंही नाही. ऑस्ट्रियात वाखाऊच्या दगडी पायऱ्यांवरच्या मळ्यांतली कोरडी रीसलिंग आणि ग्रूनर वेल्टलिनर (हीही द्राक्षाचीच एक जात) पंधरा-वीस वर्षं आरामात जातात. तिथल्या सगळ्यात भरदार प्रतीचं नाव ‘स्मारागट’, त्या पायऱ्यांवर ऊन खात बसणाऱ्या हिरव्या सरड्यावरून.

अर्धविराम
स्मारागट म्हणजे पाचू. आणि आपला ‘मरकत’ त्याच मुळाचा! ग्रीकांचा ‘स्माराग्दोस’, संस्कृतातला ‘मरकत’, प्रवासी शब्द. तेव्हा या एका बाटलीचं भाषांतर हजारो वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. मरकत म्हणा.

राइनकाठची
मग मुरून जी जास्त झाली तिला काय म्हणायचं? जर्मनमध्ये ‘फिर्न’ शब्द ऐकलाय. आल्प्समधल्या गुदस्ताच्या, न वितळलेल्या बर्फालाही फिर्न म्हणतात.

जुनी बरणी
आंबा उतरला म्हणतो ना आपण? नासला नाही, पण वेळ टळली. तसं. उतरलेली वाइन. पुढे गेली तर आंबली.

तळघरवाला
उतरलेली, अगदी बरोबर. फक्त ‘फिर्न’ ही दर वेळी शिवी नसते, काही लोक मुद्दाम तीच चव शोधतात. आणखी एक गंमत: जुन्या रीसलिंगला जो वास येतो त्याला सगळे ‘पेट्रोल’ म्हणतात. मी पहिल्यांदा घेतला तेव्हा मला पेट्रोल नाही, आजोळची चिमणी आठवली. वात कापताना बोटांना लागायचा तो वास.

बागाईतदार
रॉकेल!

तळघरवाला
रॉकेल. हजारो रुपये मोजून रॉकेलचा वास घेतो म्हटल्यावर आमच्या मातोश्रींनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

अर्धविराम
‘ड्राय’ राहिलं. ‘कोरडी वाइन’ कानाला खटकतं, मान्य. पण ‘रुक्ष’ नको आणि ‘तुरट’ तर अजिबात नको, तुरटपणा सालीतून येतो, त्याचा साखरेशी संबंध नाही. ‘बिनगोड’ कसं वाटतं?

जुनी बरणी
बिनगोड म्हणजे साखर घालायला विसरलेला चहा. कोरडीच बरी. सवयीने खटकायची थांबेल.

राइनकाठची
सगळ्यांचे आभार. कोरडी, वेचणी, बेदाणावेचणी, मुरलेली, उतरलेली असं वहीत उतरवून घेतलंय. काल पुण्याला फोन केला, बाटली फ्रिजमध्ये हलवली का विचारायला. सासूबाई म्हणाल्या, हलवली, पण निम्मीच आहे. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, “मुरली का ते बघत होतो.”