गीतरामायण नक्की कुठल्या रेडिओवर लागायचं?

कोथरूडचा_नातू: आमच्याकडे रविवारच्या पोह्यांवर वाद पेटलाय. आजी म्हणते गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर लागायचं, आजोबा म्हणतात विविध भारतीवर. ही दोन वेगळी स्टेशनं कधी झाली? जाणकारांनी सांगावं.

सासवडकाका: आजीला एक वाटी जास्त द्या. पुणे केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1953 ला. गीतरामायण तिथूनच, 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून. विविध भारतीचा जन्मच 1957 चा, त्यामुळे आजोबांची बाजू तिथेच बसते. दर शुक्रवारी सकाळी नवं गीत, तेच शनिवार-रविवारी पुन्हा. ठरली होती 52 गीतं, पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि गदिमा-फडक्यांना 56 करावी लागली. पंचांगाने कार्यक्रम वाढवलाय, बोला! गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी मंडळी.

आता दोन स्टेशनांचं. लोक सर्रास म्हणतात की खासगी एफएमने आकाशवाणीचा श्रोता पळवला. मला ते पटत नाही. फाटा फुटला 1 नोव्हेंबर 1967 ला. त्या दिवशी मुंबई, पुणे, नागपूरला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. सिनेमाची गाणी आणि त्याबरोबर येणारा पैसा तिकडे गेला. मूळ केंद्राकडे राहिलं शेती, भाषणं, शास्त्रीय गायन, श्रुतिका म्हणजे रेडिओवरची नाटकं, बातम्या. आमच्या वाड्यात वडीलधारे बातम्यांना बसायचे आणि त्या संपल्या रे संपल्या की पोरं काटा फिरवायची. एफएमवाले त्यानंतर तीसेक वर्षांनी आले.

बाणेर_ट्रॅफिक: काका, पण एफएमने बोलण्याची पद्धत बदलली ना? निवेदकाचा आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी झाला.

सासवडकाका: झाला की. पूर्वी कार्यक्रमाला वेळ असायची, तुम्ही वेळेवर हजर व्हायचं. आता तुम्ही सिग्नलला थांबलात की आरजे हजर. गंमत म्हणजे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्याच ऐकवता येतात. म्हणून सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांना अजून तोड नाही. वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज ऐकलेली माणसं उच्चाराच्या बाबतीत जरा खडूसच असतात, मीही त्यातलाच. बरं, बदल नुसता व्यापारी नाही. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी एफएम 107.4 वर ऐकून बघा, जाहिरातींचा मारा नाही.

कोथरूडचा_नातू: आजोबांना 1957 दाखवलं. म्हणाले, "मग मी शेजाऱ्यांकडे ऐकलं असेल." विविध भारती एफएम 101 वर झकास लागते, पण पुणे केंद्राच्या मिडियम वेव्ह 792 वर नुसती घरघर. केंद्र बंद पडलं का?

सोल्डरवाला: केंद्राला दोष देऊ नका, आधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा. मिडियम वेव्हमध्ये ती सगळी खरखर आत घुसते, एफएमला तितका त्रास होत नाही. आणि वरची दांडी ओढत बसू नका, ती एफएमची. मिडियम वेव्हची अँटेना सेटच्या आत, फेराइटच्या काळ्या कांडीवर गुंडाळलेली असते. अख्खा रेडिओच हळूहळू गोल फिरवा, एका दिशेला खरखर एकदम पडते. सेट खिडकीजवळ, फ्रिजपासून लांब. तरी नाही जमलं तर न्यूजऑनएअर ॲपवर पुणे केंद्र आहेच.