माणूस आधी की उपकरणे आधी? भारतीय अवकाश संशोधनाच्या पुढील वीस वर्षांविषयी

चर्चाप्रस्ताव : ध्रुवमत्स्य

चांद्रयान-३ चा विक्रम हा लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरला, तो क्षण आपण सर्वांनी पाहिला. त्यानंतर बाराव्या दिवशी, ४ सप्टेंबरला, त्याला झोपवण्यात आले आणि २२ सप्टेंबरला तेथे पुन्हा सूर्य उगवल्यावर त्याने हाकेला ओ दिली नाही, ही गोष्ट मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येते. जागा असताना त्याने आणि प्रज्ञान या त्याच्यासोबतच्या चंद्रगाडीने जे काम केले ते मोलाचे होते. प्रज्ञानला मातीत गंधक सापडले, आणि विक्रमच्या तापमापकाने दाखवून दिले की पृष्ठभाग तापलेला असतानाही अवघ्या आठ सेंटिमीटर खाली तापमान शून्याच्या खाली गेलेले असते. परंतु चंद्रावरच्या रात्री तापमान उणे दोनशे अंशांच्या आसपास उतरते आणि त्यात तग धरण्याची सोय या यानावर नव्हती. सोव्हिएत रशियाच्या लुनोखोद या चंद्रगाडीने १९७०-७१ मध्ये पोलोनियम या किरणोत्सारी धातूच्या उष्णतेवर अशा अनेक रात्री काढल्या होत्या, आणि चीनच्या युतू-२ ने २०१९ पासून तशाच मार्गाने त्या काढल्या.

या प्रस्तावाचे कारण असे की, आपल्याकडे पोहोचण्याचा जेवढा ध्यास आहे तेवढा तेथे थांबून निरीक्षण करण्याचा नाही, असे मला गेली काही वर्षे सतत वाटते. चांद्रयान-१ वर ११ उपकरणे होती. त्यांतील ५ भारतीय आणि ६ परदेशी. पाण्याच्या अंशाचा २००९ सालचा जो निष्कर्ष जगभर गाजला तो मुख्यतः त्यावरील अमेरिकी उपकरणाचा होता, जरी आपल्या चंद्रावर आदळवलेल्या प्रोबनेही पाण्याच्या खुणा टिपल्या होत्या. मंगळयानाचे उड्डाणाच्या वेळचे वजन १,३३७ किलो होते आणि त्यात वैज्ञानिक उपकरणांच्या वाट्याला आले सुमारे १५ किलो. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत शिरणे ही थोर कामगिरीच होती आणि तिचा मला अभिमान आहे, पण त्या १५ किलोंविषयीही कोणीतरी बोलले पाहिजे.

उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या आपल्या खगोल-उपग्रहावर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवर अतिनील किरणांची जी दुर्बीण आहे तिचे दोन आरसे प्रत्येकी जेमतेम ३८ सेंटिमीटर व्यासाचे आहेत. हबल या प्रसिद्ध अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा. तरीही पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील डॉ. कनक साहा यांच्या गटाने याच छोट्या दुर्बिणीतून सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून निघालेले अतितीव्र अतिनील किरण टिपले. ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तास ती दुर्बीण आकाशाच्या त्याच तुकड्याकडे रोखलेली होती, आणि हाती आलेला संकेत खरा की उपकरणाचा खडखडाट, याची खात्री करण्यात पुढे जवळजवळ दोन वर्षे गेली. हबलला जे जमले नाही ते येथे जमले, कारण आपल्या दुर्बिणीच्या संवेदकाचा स्वतःचा गोंगाट फार कमी आहे. तिच्या पुढच्या पिढीची, सुमारे एक मीटर आरशाची दुर्बीण आपल्या शास्त्रज्ञांनी प्रस्तावित केलेली आहे.

याच काळात गगनयान या मानवी उड्डाण कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०१८ मधील ९,०२३ कोटींवरून सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटी रुपयांवर गेली. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी होता. म्हणजे तेवढ्या पैशांत तशा बत्तीस मोहिमा झाल्या असत्या. मी मानवी उड्डाणाच्या विरोधात नाही. क्रमाच्या बाजूने आहे: पुढील दहा वर्षे उपकरणांना द्यावीत, माणसाचा क्रम त्यानंतर लावावा. आपले मत काय?

प्रतिसाद : अग्निबाण

प्रस्ताव अभ्यासपूर्ण आहे, म्हणूनच सविस्तर विरोध नोंदवतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. २०,१९३ कोटींचा आकडा केवळ माणसाला वर पाठवून परत आणण्याचा नाही. २०२४ मध्ये वाढवलेल्या ११,१७० कोटींमध्ये भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाची उभारणी धरलेली आहे आणि एकूण आठ उड्डाणांचा त्यात समावेश आहे. दुसरीकडे ६१५ कोटींत चांद्रयान-३ झाले, कारण चांद्रयान-२ चा ऑर्बिटर आधीपासून चंद्राभोवती फिरत होता आणि उतरण्याची चूक २०१९ मध्येच करून झाली होती. त्या चुकीतून शिकून यानाचे पाय भक्कम केले, इंधन वाढवले, वेग मोजणारे लेझरचे नवे उपकरण बसवले आणि उतरण्यासाठी ५०० मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाऐवजी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचा पट्टा धरला. हा सगळा आधीचा खर्च बाजूला ठेवून बत्तिसाने भागाकार करणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ मधून हॅरिसन श्मिट चंद्रावर गेले. चंद्रावर पाय ठेवणारे ते पहिलेच भूवैज्ञानिक. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर चालताना त्यांच्या बुटांनी वरची राखाडी धूळ हलली आणि खाली नारिंगी माती दिसली. परतीच्या वेळेची मर्यादा डोक्यावर होती, तरी त्यांनी तेथेच चर खणला, नळी ठोकून खोलवरचा नमुना घेतला आणि तो बरोबर आणला. ती माती म्हणजे प्राचीन ज्वालामुखीतून उडालेले काचेचे सूक्ष्म मणी निघाले. २००८ साली आणि पुन्हा २०११ साली अशा मण्यांच्या तपासणीतून चंद्राच्या अंतरंगात पाणी असल्याचे दिसले. चंद्राला पूर्ण कोरडा मानणारी जुनी समजूत त्या नारिंगी पट्ट्याने मोडली. रंग वेगळा दिसला म्हणून ठरलेला कार्यक्रम बाजूला सारून जागेवर खणायचे, हे त्या काळातील कोणत्या यंत्राने केले असते? अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले. सोव्हिएत रशियाच्या तीन यांत्रिक मोहिमांनी मिळून आणले सुमारे ३०० ग्रॅम.

हबलचे नाव आपण घेतलेच आहे, तर हेही नोंदवावे लागेल की त्याच्या आरशातील दोष १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दूर केला आणि २००९ पर्यंत पाच वेळा माणसांनी त्याची देखभाल केली. माणूस गेला नसता, तर ज्या हबलशी आपण अ‍ॅस्ट्रोसॅटची तुलना करता ते अधू दृष्टीचेच राहिले असते.

प्रतिसाद : श्रीवर्धनचा

आपण दोघेही चंद्राच्या पलीकडचे बोलत आहात; मी किनाऱ्यावरचे बोलतो, कारण माझ्या मते आपल्या अवकाश कार्यक्रमाची सर्वांत मोठी कामगिरी तेथे आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. दोन दिवस आधीपासून सूचना येत होत्या. आमच्या आळीत होड्या वर ओढून माडांना बांधल्या, कच्च्या घरांतील माणसे शाळेत हलवली. दुपारी वारा सुरू झाला तेव्हा छपराचे पत्रे कागदासारखे उडाले, आणि माझ्या आजोबांनी लावलेली सुपारीची बाग दोन तासांत आडवी झाली. बाग वाचली नाही, परंतु आळीतील सर्व माणसे वाचली. १९९९ मध्ये ओडिशातील महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा ती संख्या काही दहांवर राहिली. यात केवळ उपग्रहांचा वाटा आहे असे मी म्हणणार नाही. निवारे, रडार आणि प्रशासनाची तयारीही त्यात आहे. पण वादळ समुद्रात असतानाच ते कोठे वळते आहे हे वरून पाहिल्याशिवाय लोक हलवायचे कोणत्या गावातून, हे कळणार कसे?

तीच गोष्ट मासेमारीची. समुद्राचा रंग आणि पृष्ठभागाचे तापमान उपग्रहावरून पाहून मासळी कोठे मिळण्याची शक्यता आहे, ते बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली यांसह कळवले जाते. आमच्याकडचे तांडेल ती माहिती पाहून डिझेलचा हिशेब करतात.

म्हणून मला काळजी वेगळीच आहे. ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांच्या पहिल्या पिढीतील परदेशी अणुघड्याळे बिघडली. २०२३ मध्ये भारतीय घड्याळ असलेला एनव्हीएस-०१ गेला, हे उत्तम झाले. पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ झडप न उघडल्यामुळे ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात दोष येऊन ईओएस-०९ हा भूनिरीक्षण उपग्रह गमावला. अशा प्रत्येक उपग्रहाचा जोड तयार असावा, एक गेला तर सहा महिन्यांत दुसरा वर जावा, यासाठी आधी पैसा आणि माणसे लागतात. माझा क्रम असा: आधी हे, मग दुर्बिणी, मग माणूस.

प्रतिसाद : जुन्नरची शिक्षिका

मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास आम्ही मुलांना खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे प्रदर्शन दाखवायला नेतो. ४५ मीटर व्यासाची ती तबकडी जवळून पाहिली की मुले दबकून जातात, पण प्रश्न फार थोडे विचारतात. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा मात्र रोज प्रश्न येत होते: तेथे पाणी पेल्यात का राहत नाही, झोपताना उशी लागते का, सूर्य दिवसातून सोळा वेळा कसा उगवतो? पृष्ठताण आणि कक्षेचा वेग हे दोन्ही धडे मी त्या प्रश्नांवरच शिकवले. माणूस तेथे असल्याशिवाय ही दारे उघडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे मानवी उड्डाण शेवटच्या क्रमांकावर ढकलण्यास माझा विरोध आहे.

प्रतिसाद : ध्रुवमत्स्य

सर्वांचे आभार. अग्निबाण यांची हिशेबाची दुरुस्ती मान्य करतो. बत्तीस मोहिमांचे वाक्य मी घाईने लिहिले, ते मागे घेतो.

परंतु नारिंगी मातीच्या उदाहरणातून मी वेगळा अर्थ काढतो. श्मिट यांच्या नजरेने ती माती हेरली, हे खरे. पण त्यातील पाणी दिसले ते जवळजवळ ३६ वर्षांनी, पृथ्वीवरील प्रयोगशाळेत, १९७२ मध्ये अस्तित्वातही नसलेल्या अचूकतेच्या उपकरणांनी. म्हणजे नमुना परत येणे निर्णायक होते. आणि यांत्रिक मोहिमा आता ३०० ग्रॅमवर थांबलेल्या नाहीत. चीनच्या चांग-ई-५ ने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणले आणि चांग-ई-६ ने २०२४ मध्ये, जेथे कोणताही माणूस आजवर उतरलेला नाही त्या चंद्राच्या पाठीमागच्या बाजूने, १,९३५ ग्रॅम आणले. आपल्या चांद्रयान-४ ला २,१०४ कोटींची मंजुरी आहे आणि तेही माणसाविना नमुने आणणार आहे. हबलविषयी एवढेच म्हणतो की जेम्स वेब दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर आहे, आपले आदित्य-एल१ ही तेवढ्याच अंतरावर, सूर्याच्या बाजूला आहे. तेथे दुरुस्तीला कोणी जात नाही, तरी आदित्यवर आयुकाने बनवलेली दुर्बीण सूर्याची अतिनील चित्रे पाठवत आहे.

शिक्षिकाताईंचा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. माझ्याजवळ त्याला पूर्ण उत्तर नाही. फक्त विचारतो की, त्या मुलांपैकी कोणी दहा वर्षांनी खगोलभौतिकी शिकून पीएच.डी.ला बसेल, तेव्हा त्याच्यासाठी भारतीय दुर्बिणीची ताजी निरीक्षणे असतील का? अ‍ॅस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी बनवला होता, दहा वर्षे ओलांडून गेला. त्याच्या जागी त्याच तोलामोलाचे काय येणार, हे आत्ता ठरले नाही तर तेव्हा फार उशीर झालेला असेल.

प्रतिसाद : अग्निबाण

चांग-ई-६ चे उदाहरण बिनतोड आहे, हे मान्य. पण ते शक्य झाले कशामुळे, हेही पाहू या. चंद्राभोवतीच्या कक्षेत एका यानाने दुसऱ्याला शोधून जोडणी केली आणि नमुने हस्तांतरित झाले. तीच विद्या आपण १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स या प्रयोगात, दोन उपग्रह कक्षेत जोडून, मिळवली. चांद्रयान-४ ला ती लागणार आहे आणि अंतराळ स्थानकालाही तीच लागणार आहे. ज्या एलव्हीएम-३ रॉकेटने चांद्रयान-२ व ३ नेले, त्याचेच मानवी उड्डाणासाठी अधिक विश्वासार्ह रूप गगनयानसाठी घडवले जात आहे. प्रत्येक झडप, प्रत्येक सांधा माणसाच्या जिवाच्या कसोटीला उतरवण्याची शिस्त एकदा अंगी बाणली, तर श्रीवर्धनच्या सभासदांनी सांगितलेली झडपेसारखी अपयशेही कमी होतील, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी या कामांचा एकामागून एक असा क्रम मानायला तयार नाही.

चंद्रावरच्या रात्रीबाबत मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. उष्णता देणारा किरणोत्सारी स्रोत यापुढे चंद्रावर उतरणाऱ्या प्रत्येक भारतीय यानावर असावा. २०३५ पर्यंत स्थानक उभे करायचे ठरले आहे, तर त्याच्या पहिल्या भागाबाहेर वैज्ञानिक उपकरणांसाठी किती किलो आणि किती वॅट राखून ठेवायचे, हे आराखडा गोठण्यापूर्वी खगोलशास्त्रज्ञांना विचारले गेले पाहिजे. एक मीटर आरशाची ती दुर्बीण स्थानकाच्या थरथरीत चालणार नाही, तिला स्वतंत्र उपग्रहच लागेल. पण क्ष-किरणांचे, वैश्विक किरणांचे संवेदक तेथे नक्की बसतील. आपण त्यांची यादी येथे मांडाल का? मी वीज आणि वजनाचा हिशेब करून बघतो.