विषय: रोमची ६४ नंबर बस आणि आमच्या ह्यांचं पाकीट

नमस्कार लंडनकर मंडळी,

ईस्टरच्या सुट्टीत बरेच जण इटलीला निघालेत असं कळलं, म्हणून लिहितेय. आमचं गेल्या महिन्यातलंच आहे.

टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे. मी वाचलं होतं, ह्यांना सांगितलंही होतं. "वीस वर्षं डोंबिवली लोकलने गेलोय मी," हे त्यावरचं उत्तर. पिआझ्झा व्हेनेझियाला दार उघडलं. पुढचा कोटवाला गृहस्थ उतरता उतरता पायरीवरच थबकला, चष्मा पडला म्हणून वाकला. मागून दोघी बायका रेटायला लागल्या. आमच्या सज्जनांनी तो चष्मा उचलून दिला! तो "ग्रात्सिए" म्हणून उतरला, मागोमाग त्या दोघीही. दार मिटलं आणि ह्यांचा हात खिशावर गेला. पुढच्याच खिशात होतं हो, बटण लावलेलं. बटण तेवढं उघडं.

१४० युरो, दोन कार्डं, लायसन्स. बसमध्येच मी अ‍ॅपवरून कार्डं बंद केली, तोवर एका तंबाखूच्या दुकानात ४२ युरो उडाले होते. पिन लागतच नाही ना, नुसतं टेकवलं की झालं. मग पोलिसांकडे दोन तास. तक्रारीला तिथे 'देनुन्चा' म्हणतात. शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका, विमेवाले आधी तीच मागतात. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत होते, एवढंच नशीब.

– दिवाळी अंकवाली

---

ताई,

'एवढंच' म्हणू नका! ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी नीट वाचा. तो हरवला तर आपला दूतावास तातडीचं म्हणून इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण तो कागद फक्त भारतात परत जायला, एकेरी. लंडनला घरी यायला त्याचा उपयोग नाही. म्हणजे नव्या पासपोर्टची वाट बघत तिथेच मुक्काम, युरोपात फिरायचा शेंगेन व्हिसा जुन्या पुस्तकात गेलेला, आणि आपला इथला ई-व्हिसा (ब्रिटनमध्ये राहायचा ऑनलाइन परवाना) जुन्या पासपोर्टला जोडलेला, तोही खात्यात जाऊन बदला. माझा मित्र यात पॅरिसला नऊ दिवस अडकला. ऑफिसला काय सांगायचं, हा आणखी एक प्रश्न.

त्याचं गेलं कसं? साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी मनगटाला रंगीत दोरा बांधणारे उभे असतात. ह्याला वाटलं राखीसारखं काहीतरी आहे, हात पुढे केला. एकाने हात धरून ठेवला, दुसऱ्याने सॅक उघडली. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि व्हिसाचा फोटो स्वतःला मेल करून ठेवा. फोन गेला तरी मेल राहते.

– खजिनदार

---

मंडळी, फार घाबरवू नका बुवा एकमेकांना. तिथे सुरा दाखवून लुटायचे प्रकार कमी, जे आहे ते हातचलाखीचं. वेळ आलीच तर ११२ फिरवा, युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे तोच नंबर. बाकी ती सॅक पोटावर घ्या, दादरला घेतो तशी. परदेशात आलो की आपण ती पाठीवर का टाकतो, मला आजवर उमगलेलं नाही.

– वाचनालयवाले काका

---

काकांच्या सॅकपेक्षा माझ्या आईचा कसा, म्हणजे कमरेची कापडी पिशवी, बरा. पंढरपूरला जाताना ती पैसे त्यातच ठेवायची, लुगड्याच्या आत, कंबरेला. विमानतळावर त्याच पिशवीला मनी बेल्ट म्हणून बारा पौंड घेतात! माझ्याकडे जुन्या सुती साडीचे तुकडे पडलेत, कार्ड आणि पासपोर्ट मावेल असे शिवून देते. शनिवारी नाटकाच्या तालमीला घेऊन येईन, किती हवेत ते कळवा.

– काकू

---

काकू, आम्हाला दोन. ह्यांच्या कशाची नाडी जरा लांब ठेवा, इटलीत पास्ता फार झालाय.

– दिवाळी अंकवाली