थिबा राजाचे अवशेष म्यानमारला परत पाठवावेत का?

दर्यावर्दी:
परवा रत्नागिरीला गेलो होतो. थिबा पॅलेसवर गर्दी होती, समाधीजवळ मात्र मी एकटाच. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट इथे आणून ठेवलं. तीस वर्षं नजरकैदेत काढून तो १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. शव मायदेशी न्यायला इंग्रजांनी परवानगी दिली नाही. राणी सुपयालत १९१९ मध्ये परत गेली, १९२५ मध्ये वारली आणि तिचं दफन रंगूनला झालं. नवरा-बायको आजही दोन देशांत आहेत. माझं मत स्पष्ट आहे: तिकडच्या पणतवंडांना हवं असेल, तर भारताने आडकाठी करू नये.

आंबेशेत:
असहमत. "तिकडची पणतवंडं" म्हणताना इकडची कशी विसरलात? थोरल्या राजकन्येला गोपाळ सावंतांपासून मुलगी झाली, टुटू. वाड्यावरच्या नोकराशी संबंध, म्हणून केवढा गहजब झाला होता! टुटूने अख्खं आयुष्य रत्नागिरीत मराठी बोलत काढलं, तेही गरिबीत. तिची लेकरंबाळं इथलीच. पणजोबांच्या समाधीवर त्यांचाही तितकाच हक्क आहे. राजवंश म्हटलं की पदव्या लावणारेच आपल्याला दिसतात.

दर्यावर्दी:
टुटूबाईंचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण त्याने एवढंच ठरतं की दोन्हीकडच्यांना विचारावं. समाधी हलवूच नये, हे कुठून आलं?

जुनं_दप्तर:
मला या राजाबद्दल एवढा उमाळा येत नाही. १८७९ मध्ये गादी टिकवण्यासाठी त्याच्या दरबाराने त्याच्याच सावत्र भावाबहिणींची कत्तल केली. त्यांचेही वंशज असते, तर ते आज काय म्हणाले असते?

माजघर:
@जुनं_दप्तर, कत्तल झाली हे खरंच, आणि ते झाकू नये. पण इंग्रजांनी त्याला उचललं ते त्या पापासाठी नाही. सागवान, व्यापार आणि फ्रेंचांशी चाललेली बोलणी ही खरी कारणं होती. शिवाय चौथी राजकन्या जन्मली रत्नागिरीतच, तिचा त्यात काय दोष? तिने १९३१ च्या सुमारास राज्य आणि दागदागिने परत मागितले, तर तिला रंगूनहून मौलमीनला हलवलं.

दर्यावर्दी, माझा विरोध मात्र वेगळ्या कारणाने आहे. २०१६ मध्ये शंभराव्या स्मृतिदिनाला वंशज रत्नागिरीत आले होते, सोबत लष्करप्रमुख मिन आँग लाइंगही होते. त्याच माणसाने २०२१ मध्ये निवडून आलेलं सरकार उलथवलं. आज शवपेटी पाठवली तर मिरवणूक कोण काढेल? घरचे लोक मागे राहतील आणि पुढे गणवेश असतील. ज्यांचं राज्य बंदुकीने गेलं, त्यांच्या पणजोबांना पुन्हा बंदूकवाल्यांच्या हवाली करायचं?

आंबेशेत:
+१. आणि बहादूरशहा जफर १८६२ पासून रंगूनलाच आहे. तिथले लोक त्याच्या कबरीवर दिवा लावतात. कुठे बिघडलं?

दर्यावर्दी:
जफरला स्वतःला दिल्लीत दोन गज जमीन हवी होती, हे विसरू नका. पण माजघर यांचं म्हणणं मला पटलं. लष्कर सत्तेवर आहे तोवर नको. नंतर मात्र विचारायचं ते सरकारला नव्हे, घरच्यांना. आणि पहिला निरोप रत्नागिरीतल्या टुटूबाईंच्या घरी जायला हवा.